बोर्नव्हिल : बर्मिंगहॅमचे एक उपनगर

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



गतवर्षी तीन महिने आमचा मुक्काम इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी, कन्येच्या घरी होता. तेथे जे पाहिले त्याविषयी चार शब्द सांगावेत, अशी आज्ञा चिटणीसांनी केली आहे. राजवाडे आणि किल्ले यांची वर्णने आपण पुष्कळ वाचली असतील. आम्ही आज सांगणार आहोत ते एका साध्या उपनगराविषयी.

आपल्यापैकी जे सभासद ठाण्यास राहतात, त्यांस 'कॅडबरी जंक्शन' ठाऊक आहेच. ज्या कंपनीच्या कारखान्यावरून त्या चौकास हे नाव पडले, ती 1948 साली हिंदुस्थानात आली. तिचे मूळ गाव म्हणजे हे बोर्नव्हिल. बर्मिंगहॅमच्या मध्यभागापासून ते सुमारे चार मैल दक्षिणेस आहे.

जॉन कॅडबरी यांनी 1824 साली बर्मिंगहॅमच्या बुल स्ट्रीटवर चहा, कॉफी व कोको यांचे दुकान घातले. पुढे रिचर्ड व जॉर्ज या त्यांच्या पुत्रांनी धंदा वाढविला आणि 1879 साली कारखाना धुराने व दाटीने भरलेल्या शहरातून उचलून उघड्या रानात नेला. जवळून कालवा व आगगाडी जात असल्याने मालाच्या ने-आणीची सोय होती. तेथील बोर्न या ओढ्याच्या नावास गाव या अर्थाचा 'व्हिल' हा फ्रेंच शब्द जोडून त्यांनी जागेचे नामकरण केले. त्या काळी फ्रेंच चॉकलेटचा बोलबाला होता, हे त्याचे कारण.

आम्ही सेली ओकहून कालव्याकाठच्या पायवाटेने रोज सकाळी फिरावयास जात असू. स्थानक लागते ते जांभळ्या रंगाने रंगविलेले; जवळच कारखाना. थोडे पुढे गेले की एक हिरवे मैदान येते आणि हेच गावाचे हृदय. मैदानात अष्टकोनी विश्रामगृह आहे. जॉर्ज कॅडबरी व त्यांच्या पत्नी यांच्या विवाहास 25 वर्षे झाली, त्या निमित्ताने कामगारांनी वर्गणी काढून ते बांधले. समोर शाळेच्या मनोऱ्यावर 48 घंटांचा वाद्यमेळ आहे. बेल्जममधील ब्रूज शहरी असा घंटानाद ऐकून जॉर्ज कॅडबरी मोहित झाले व त्यांनी 1906 साली 22 घंटा येथे बसविल्या. पुढे त्यांची संख्या वाढत गेली. पलीकडे क्वेकर पंथीयांचे प्रार्थनागृह आहे. जवळच सेली मॅनर हे लाकडी सांगाड्याचे प्राचीन घर उभे आहे. मूळ जागी ते मोडकळीस आले असता जॉर्ज कॅडबरींनी 1907 साली विकत घेतले, सुटे करून येथे आणविले व पुन्हा उभारले. 1917 पासून ते संग्रहालय आहे. जरा दूर सर्बियातून परागंदा होऊन आलेल्या लोकांचे, 1968 साली बांधलेले देऊळही आहे.

पूर्वेस स्टर्चली हा चाळीवजा घरांच्या रांगांचा व दुकानांचा भाग. तेथे मद्यगृहे आहेत. बोर्नव्हिलच्या मूळ वस्तीत मात्र क्वेकरांच्या कटाक्षामुळे एकही बांधू दिले नाही. उत्तरेस सेली ओक, विद्यार्थ्यांनी गजबजलेले. त्यापलीकडे विद्यापीठाचा उंच घड्याळाचा मनोरा. सेली ओक येथेच वुडब्रुक ही वास्तू आहे. जॉर्ज कॅडबरी यांचे हे राहते घर 1903 साली अध्ययनकेंद्र झाले. 1930 साली रवींद्रनाथ ठाकूर येथे राहिले, आणि 1931 च्या ऑक्टोबरात, गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडात आलेले महात्मा गांधीही येथे उतरले होते. त्या घरासमोर आम्ही क्षणभर हात जोडून उभे राहिलो.

परंतु आम्हांस सर्वांत विचार करावयास लावले ते तेथील घरांनी. 1893 साली जॉर्ज कॅडबरींनी 120 एकर जमीन घेतली व 1895 साली हार्वे या विशीतल्या वास्तुकारास घरे बांधण्याचे काम दिले. घराने आपल्या भूखंडाचा चौथा भागच व्यापावा, बाकीची बाग असावी, हा दंडक. बागेत फळझाडे लावून दिलेली. प्रथम ही घरे दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने विकली. पण घेणारे काही जण ती नफ्याने पुन्हा विकू लागले. तेव्हा 1900 साली कॅडबरींनी आपल्या हयातीतच 330 एकर जमीन व त्यावरील घरे एका विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली. तो निधी आजही वस्तीचा कारभार पाहतो. कारखाना मात्र 2010 साली अमेरिकन कंपनीच्या हाती गेला.

या कहाणीत काळी बाजू नाही असे नव्हे. ज्या कोकोवर ही संपत्ती उभी राहिली, त्यातला बराचसा साओ टोमे बेटावरून येई, आणि तेथील मजूर जवळजवळ गुलामच होते. हे कळूनही खरेदी थांबावयास 1909 साल उजाडले. कारखान्यातील स्त्रियांस विवाह होताच नोकरी सोडावी लागे. दात्याचे दोष झाकून त्याचे गुण गाणे आम्हांस मान्य नाही.

तथापि एक गोष्ट मनातून जात नाही. क्वेकर हा लहानसा पंथ. एके काळी ऑक्सफर्ड व केंब्रिज विद्यापीठांनी त्यांस आपली दारे लावून घेतली होती. अशा माणसाने घरे बांधली, ती आपल्या पंथीयांसाठीच असावीत असे कोणास वाटले असते तर नवल नव्हते. पण त्याने ती केवळ पंथासाठी ठेवली नाहीत आणि केवळ स्वतःच्या कामगारांसाठीही ठेवली नाहीत. शहरातील कोणाही श्रमजीवी कुटुंबास तेथे राहता येई.

आता आपल्या वसतिगृहाकडे वळतो. आपल्या वाडवडिलांनीही, आपल्या मुलांस शहरात कोणी खोली देईना म्हणून, पै पै जमवून ते बांधले. त्यांचे ऋण फिटणारे नाही. पण आज त्यातील काही खोल्या रिकाम्या राहतात. गतवर्षी एका गरीब, हुशार मुलाचा अर्ज आला होता. तो ज्ञातीबाहेरचा म्हणून समितीने परत केला. त्या नकारावर आमचीही स्वाक्षरी आहे. सारा जन्म शाळेत मुले शिकविली. हजेरी घेताना कधी कोणाची जात पाहिली नाही, आणि निवृत्तीनंतर मात्र अर्जावरील आडनाव पाहून सही केली. बोर्नव्हिलच्या मैदानावर घंटा वाजत असता आम्हांस तो अर्ज आठवला.

म्हणून आमची नम्र सूचना आहे. आपल्या विद्यार्थ्यांस प्रथम हक्क असावा. तो देऊन ज्या खोल्या उरतील, त्या कोणत्याही ज्ञातीच्या गरजू मुलास मिळाव्यात. त्यासाठी नियमावलीत दुरुस्ती करण्याचा ठराव आम्ही येत्या सर्वसाधारण सभेपुढे मांडणार आहोत. त्यास विरोध होईल, हे आम्ही जाणतो. विरोध करणाऱ्यांनी तो सभेत उघडपणे करावा, आम्ही ऐकून घेऊ. फक्त मत देण्यापूर्वी एकदा त्या रिकाम्या खोल्या उघडून पाहाव्यात, एवढीच प्रार्थना.