नदीकांठचे तांबडे चतुर

पावसाळा ओसरूं लागला कीं बंडगार्डनचा बंधारा असो वा पाषाणचें तळें असो, पाण्यावर घिरट्या घालणारे चतुर कोणाच्याहि दृष्टीस पडतात. आपण त्या सर्वांना एकच नांव देऊन मोकळे होतों. लहानपणीं शेपटीला दोरा बांधून ज्यांनीं त्यांना उडविलें, त्यांनीं तर त्यांची जातपात कधींच विचारली नसेल! जाणत्यांना मात्र ती विचारावी लागते. आणि कां विचारावी लागते, तें आज थोडक्यांत सांगण्याचा माझा मानस आहे.

प्रथम ढोबळ भेद. चतुर आणि टाचणी हीं एकाच गणांतलीं दोन घराणीं. टाचणी नांवाप्रमाणेंच बारीक. बसली कीं बहुधा पंख पाठीवर मिटून घेते, आणि तिचे डोळे डोक्याच्या दोन टोंकांना असतात. चतुर अंगानें दणकट. तो पंख आडवे पसरून बसतो व त्याचे डोळे बहुधा माथ्यावर एकमेकांस भिडतात. 'बहुधा' हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. तळ्याकांठीं काळ्या-पिवळ्या अंगाचे दोन चतुर आढळतात. एकाच्या डोळ्यांमध्यें स्पष्ट अंतर असतें आणि उदराचें टोंक रुंद होतें. तो इक्टिनोगाँफस रॅपॅक्स. दुसऱ्याचे डोळे भिडलेले, उदर मुळाशीं फुगीर व मध्यें एकदम बारीक. तो ऑर्थेट्रम सॅबिना, आपल्याच जातभाईंना धरून खाणारा. ज्याला आपण शेपटी म्हणतों तेंच हें उदर. शास्त्रीय नांवांचा हा भडिमार श्रोत्यांनीं सोसून घ्यावा. मराठी नांवें अद्याप सर्वांच्या तोंडीं रुळलेलीं नाहींत.

खरी फसगत होते ती तांबड्या चतुरांच्या बाबतींत. पुण्यांत असे तीन नर नेहमीं दिसतात. क्रोकोथेमिस सर्व्हिलिया हा रक्तासारखा लालभडक; उदराच्या पाठीवर मधोमध एक बारीक काळी रेघ असते. ट्रायथेमिस ऑरोरा याची लाली जांभळटपणाकडे झुकते, आणि त्याच्या पंखांच्या शिराहि तांबड्या असतात. तिसरा ब्रॅकिथेमिस काँटॅमिनाटा. हा लहानखुरा व नारिंगी. याच्या शिराच काय, पण पंखांचा पडदाहि मुळापासून बराच दूरवर नारिंगी असतो व टोंकें तेवढीं स्वच्छ राहतात. तेव्हां चतुर लाल दिसला कीं नजर लगेच पंखांकडे न्यावी.

पण हें झालें वयांत आलेल्या नरांविषयीं. तिघांच्याहि माद्या पिवळट-तपकिरी असतात, आणि नुकताच कात टाकून पाण्याबाहेर आलेला नरहि तसाच फिका असतो. त्याच्यावर रंग मागाहून चढतो. अशा वेळीं शेजारीं कोणता नर आहे हें पाहण्याचा मोह होतो. तो पुरावा नव्हे. एका दगडावर चार जातींचे चतुर बसूं शकतात.

एवढी उठाठेव कशाला, असें कोणी विचारील. चतुराचें बालपण पाण्यांत जातें. त्याची अळी उदराच्या मागील भागांतील कल्ल्यांनीं श्वास घेते, म्हणजे पाण्यांत विरघळलेल्या प्राणवायूवर जगते. सांडपाणी मिसळलें कीं हा प्राणवायु घटतो. सर्व जातींची सहनशक्ति सारखी नसते. हेलिओसिफा बायसिग्नाटा या नांवाची टाचणी सह्याद्रीच्या खडकाळ, वाहत्या ओढ्यांवर रमते. उलट काँटॅमिनाटा हा घाणेरड्या पाण्यावरहि तग धरतो, आणि जलपर्णीच्या पानांवर शेकड्यांनीं बसतो. फाब्रिसियसनें 1793 सालीं त्याचें नांव ठेवलें, अर्थ 'डागाळलेला'. तें बहुधा पंखांवरून सुचलें असावें, पण मुठेच्या कांठीं तें निराळ्याच अर्थानें शोभतें! तेव्हां पुलावरून चतुरांचे थवे पाहून 'नदी सुधारली' असें म्हणणारा गृहस्थ सपशेल फसण्याचा संभव आहे. त्याच्या वहींत नुसते 'तांबडे चतुर, पुष्कळ' असें लिहिलेलें असेल, तर बाकीच्या जाती एकेक करून नाहींशा झाल्या तरी ती नोंद बदलणार नाहीं.

फ्रेझर यांनीं 1933 ते 1936 या काळांत हिंदुस्थानांतील चतुरांवर तीन खंड लिहिले, ते टाचून ठेवलेले नमुने भिंगाखालीं घेऊन, पंखांच्या शिरा तपासण्यासाठीं. आपणांस चतुर धरण्याचें कारण नाहीं; दुर्बीण पुरते. छायाचित्र काढावयाचें तर एक वरून व एक बाजूनें काढावें आणि पंखांचें मूळ त्यांत स्पष्ट यावें. सकाळीं ऊन चांगलें वर आल्यावर जावें. त्याआधीं ते सुस्त असतात. 2013 सालीं मुळा व मुठा यांच्या खोऱ्यांतील चतुरांची वसतिस्थानें व ऋतुमान यांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला आहे. त्याच्याशीं ताडून पाहावयाचें तर आपल्या नोंदींत तारीख, नेमकी जागा, पाणी वाहतें कीं साचलेलें, नर कीं मादी, एवढें तरी हवेंच. आणि जेथें खूण पटली नाहीं तेथें 'मादी, जात अनिश्चित' असेंच लिहावें.