हिशेबाचा ताळा

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजक म्हणाले, "तू कारखानदार, उद्योगाविषयी चार शब्द बोल." माझे चोवीस माग. इचलकरंजीत त्याला कारखाना म्हणतात, पण त्यावर भाषण होत नाही. म्हणून दुसऱ्या एका कापडवाल्याची गोष्ट सांगतो.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ॲरन फॉयरस्टीन नावाचे गिरणीमालक होते. त्यांचे आजोबा हंगेरीतून आलेले. त्यांनी १९०६ साली मॉल्डन मिल्स सुरू केली. माझ्याप्रमाणेच ॲरन तिसऱ्या पिढीचे. १९५६ मध्ये गिरणी लॉरेन्स गावी आली. त्या भागातल्या गिरण्या स्वस्त मजुरीच्या शोधात एकेक करून दक्षिणेकडे गेल्या, हे मात्र हलले नाहीत. कृत्रिम फरचा धंदा बसला आणि १९८१ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. तरीही ते उभे राहिले, ते पॉलिएस्टरच्या एका नव्या कापडावर. आपली नातवंडं थंडीत मऊ, हलकी फ्लीसची जाकिटं घालतात ना, ते कापड. त्यांनी त्याला नाव दिलं पोलरटेक.

११ डिसेंबर १९९५. ॲरन यांचा सत्तरावा वाढदिवस. त्याच रात्री गिरणीला प्रचंड आग लागली. तीसहून जास्त माणसं जखमी झाली. सुदैवाने कोणी दगावलं नाही. कामगार सुमारे ३,०००, आणि नाताळ दोन आठवड्यांवर. विम्याचे पैसे घेऊन घरी बसले असते तर सत्तरीच्या माणसाला कोणी नावं ठेवली नसती.

तीन दिवसांनी गावातल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत कामगार जमले. ॲरन यांनी सांगितलं, गिरणी इथेच पुन्हा उभी राहील आणि निदान महिनाभर सगळ्यांना पूर्ण पगार मिळेल. पुढे ही मुदत त्यांनी दोनदा वाढवली. काम नसताना दिलेल्या या पगारांचा खर्च सुमारे अडीच कोटी डॉलर झाला. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना संसदेतल्या आपल्या वार्षिक भाषणाला पाहुणे म्हणून बोलावलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये गिरणीने पुन्हा दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढे ती फॉयरस्टीन घराण्याच्या हातातून गेली. लोक म्हणाले, चांगुलपणा अंगलट आला.

मीही तेच म्हणत होतो. मार्च २०२० मध्ये माग थांबले. पहिला महिना मी मजुरी दिली, नंतर बंद केली. बायको म्हणाली, "अहो, आणखी महिना-दोन महिने ओढून नेऊ या की." मी तिला या अमेरिकन मालकाचा दाखला दिला आणि विषय मिटवला. अकरा कामगारांपैकी चार परत आलेच नाहीत. त्यांत वडिलांच्या वेळेपासूनचे एक मामा होते. तुटलेला धागा सांधायला मला त्यांनीच शिकवलं होतं.

समोर आपले गणिताचे सर बसले आहेत. उत्तर आलं की ताळा करून बघा, हे त्यांचं वाक्य. मी तो केला, पण फार उशिरा. मॉल्डन मिल्सच्या पुनर्बांधणीला चाळीस कोटी डॉलरहून जास्त लागले. विम्याचे मिळाले सुमारे तीस कोटी. खड्डा पडला तो तिथे. वर फ्लीस इतरही स्वस्तात विणू लागले आणि सोफ्याच्या कापडाचा धंदा घसरला. गिरणी बुडाली ती कर्जाने. पगाराचे अडीच कोटी त्यात किती? चाळिसाला अडीच, सर, हे मला तोंडी करता येतं.

मग मी स्वतःची वही उघडली. २०२१ मध्ये मी कर्ज काढून सेकंडहँड रॅपियर माग घेतले. अकरा जणांची दोन महिन्यांची मजुरी त्या कर्जाच्या वर्षभराच्या व्याजापेक्षाही कमी होती. मला परवडत होतं. मी हिशेब न करताच 'परवडत नाही' म्हणालो होतो.

गेल्या दिवाळीत मामांना फोन केला. त्यांनी मागांची चौकशी केली, मुलांची केली. मजुरीचा शब्दही काढला नाही. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ॲरन फॉयरस्टीन नोव्हेंबर २०२१ मध्ये, पंचाण्णव वर्षांचे होऊन वारले. त्यांच्याएवढं मन माझ्याकडे नाही. पण बँकेत एक वेगळं खातं उघडलं आहे. दर महिन्याला त्यात थोडी रक्कम टाकतो, दोन महिन्यांची मजुरी साठेपर्यंत. ती मागांसाठी काढायची नाही, हे बायकोला लिहून दिलं आहे. आपल्यात दुकान, दवाखाना, शेती चालवणारे बरेच जण आहेत. त्यांनी घरी गेल्यावर आपापली वही एकदा उघडून बघावी, एवढंच सांगायचं होतं.