रंगाची कातडी

रसिकहो, औरंगपुऱ्यात गाडी लावायला जागा शोधून तुम्ही चित्रावरचं व्याख्यान ऐकायला आलात, तेव्हा थेट चित्रावरच येतो.

चित्र फ्रान्सिस न्यूटन सूझाचं, ‘बर्थ’, 1955. आठ फूट बाय चार फुटाचा बोर्ड. आपल्याकडे प्लायवूडचा अख्खा ताव येतो ना, तेवढाच. त्यावर आडवी पसरलेली गरोदर, उघडी बाई, शेजारी पाद्र्याच्या पोशाखातला माणूस. 2008 साली लंडनच्या लिलावात त्याला सुमारे पंचवीस लाख डॉलर मिळाले आणि वर्तमानपत्रांनी तेवढंच छापलं.

सूझा गोव्यातल्या साळगावचा, जन्म 1924. लहानपणी देवीच्या आजारातून वाचला, म्हणून आईनं संत फ्रान्सिस झेवियरचं नाव ठेवलं. 1945 साली जे. जे. कलाशाळेतून काढून टाकलं, 1947 साली चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रूप उभा केला. 1949 साली मुंबईतल्या प्रदर्शनातली त्याची चित्रं अश्लील म्हणून उतरवली गेली आणि त्याच वर्षी तो लंडनला गेला. त्यानं रंगवलेल्या चेहऱ्यांवर खड्ड्यांसारखी गोल वर्तुळं असतात. मला तिथं देवीचे वण दिसतात. हा अर्थ माझा, त्याच्या माथी मारू नका.

आपण अजिंठ्याच्या शेजारची माणसं. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आठवा. खाली माती-भुशाचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात, आणि त्यावर इतका विरळ रंग की सगळं शरीर रेषेनंच उचललंय. रेष सूझाकडेही आहे, काळी, जाड, काटेरी. पण मधलं मांस त्यानं रंगाच्या थरानंच भरलं. गवंडी थापीनं गिलावा ओढतो, तसा सुरीनं. लोक याला राग म्हणतात. मला ते पटत नाही. रागात हात सुटतो. इथं थर कुठं थांबवायचा हे त्या हाताला नेमकं कळतं.

तैलरंग पाण्यासारखा उडून जाऊन वाळत नाही. तेल हवेतला प्राणवायू घेतं आणि आवळत जातं. आधी वर साय धरते, आत ओलंच. विद्यार्थी असताना मी एका बोर्डावर पाठमोरा माणूस काढला, खांद्यावर बोटभर तपकिरी रंग थापला. महिना झाला, वर हात फिरवला तर कोरडं. म्हटलं झालं काम, म्हणून उचलायला गेलो, तर अंगठा साय फोडून आत. सर नुसते हसले.

पडद्यावर सूझा सपाट दिसणार, त्याला इलाज नाही. म्हणून तो जुना बोर्ड दाराशी टेकवून ठेवलाय. समोरून नको, बाजूनं पाहा, दिव्याचा उजेड तिरपा पडेल असं. खांद्यावर माझ्या अंगठ्याचा खड्डा आहे. बोट घालून बघायला हरकत नाही, आता वाळलंय.