हॉल बांधला, आता राखायचा



विहाराला लागून असलेला ज्येष्ठांचा हॉल आम्ही वर्गणीतून आणि श्रमदानातून उभा केला. आपले चिखलदरा सुमारे 1,100 मीटर उंचीवर. इथला पाऊस खालच्या परतवाड्यासारखा नव्हे. धुके तर दारातून आत येते. दोनच पावसाळ्यांत भिंतींना ओल आली, पत्र्यांचे खिळे गंजले. आम्ही अचलपूरच्या गिरणीत पाळी केलेली माणसे. साच्याला वेळेवर तेल दिले नाही तर काय होते, हे आम्हाला कोणी सांगायला नको. तरी हॉलच्या बाबतीत आम्हीच विसरलो. उद्घाटनाला हारतुरे होते, दुरुस्तीला पैसा नव्हता. एक आजी म्हणाल्या, "पोट्टेहो, हॉल त बांधला, पन बसाले कोरडी जागा कुठी हाय?" आम्ही माना खाली घातल्या.

गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातील शेंडगावचे. कीर्तनाआधी ते गाव झाडून काढत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी उभारली आणि 1949 मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. वास्तू कोणाच्या हाती द्यावी, याचा विचार त्यांनी केला. आम्ही केला नाही. किल्ली तरुण मंडळाकडे आणि आजोबा दाराशी ताटकळत उभे!

म्हणून यापुढे किल्ली ज्येष्ठांकडेच राहील. मृगाआधी पत्रे तपासायचे, संडासात धरायला दांडी बसवायची. लग्नकार्याचे भाडे दुरुस्तीलाच, डेकोरेशनला नाही (ही आमची जुनी खोड!). हिशोब दर पौर्णिमेला वंदनेनंतर वाचला जाईल. जयभीम.