बाईंनी दाखवलेलं हाड

(माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



माझ्या आधी जे बोलले त्यांनी पुण्यातलं, संभाजीनगरातलं, एकानं तर दुबईतलं काम सांगितलं. ऐकून बरं वाटलं. मी हट्ट्यातच राहिलो. आपल्या सगळ्यांच्या दाखल्यावर जिल्हा परभणी आहे. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला, तेवढाच काय तो माझ्या पत्त्यात बदल. मी काय बोलावं असं संयोजकांना विचारलं, तर म्हणाले, शाळेतलं काही पुढं कामाला आलं असेल तर ते सांग. म्हणून मी कोंबडीचं सांगतो. हसा खुशाल, पण दोनातली एक मेली आहे आणि ती माझ्या हातानं मेली आहे.

आमच्या घरी पाच-सहा गावरान कोंबड्या असतात. त्या माझ्या नाहीत, घरच्या मालकिणीच्या आहेत. अंडी ती विकते आणि ते पैसे मी विचारत नाही. सोयाबीनचं पीक गेलं त्या वर्षी किराणा त्याच पैशातून आला होता, हे मला नंतर कळलं. म्हणून आमच्या घरात कोंबडी म्हणजे नुसती कोंबडी नव्हे.

मागच्या आषाढात संध्याकाळी कोंबड्या खुराड्याकडं वळत होत्या आणि शेजारचं कुत्रं अंगणात घुसलं. कुत्रं कुणाचं ते सांगत नाही. ते गृहस्थ आपल्याच वर्गातले, तिसऱ्या रांगेत बसलेत आणि आजच्या जेवणाचं दही त्यांच्याकडून आहे. मी काठी घेऊन धावेपर्यंत दोघींना धरून झटकलं होतं. अंगणभर पिसं. एक काळी होती, नुकतीच खुडूक होऊन अंड्यांवर बसणार होती. दुसरी तांबडी, शेपटीची सगळी पिसं गेलेली. आधी वाटलं कुत्र्यानं उपटली. पण जीव वाचवायला कोंबडी स्वतःच शेपटीची पिसं सोडून देते, कुत्र्याच्या तोंडात पिसं राहतात आणि ती निसटते.

काळीला जखम फार दिसत नव्हती. ती मान टाकून, डोळे मिटून पडली होती. मला वाटलं हिला शक्ती पाहिजे. वाटीत पाणी घेतलं, चोच उघडली आणि ओतलं. तिनं दोनदा मान झटकली आणि संपली. मी आठ दिवस घरात सांगत होतो की कुत्र्यानं मारली. जनावरांचे डॉक्टर आले तेव्हा त्यांनी विचारलं, पाणी पाजलं होतं का? मग त्यांनी तांबडीची चोच उघडून दाखवली. जिभेच्या मागं एक फट उघडझाप करत होती. ते श्वासनळीचं तोंड. आपल्याला त्यावर झाकण असतं, पक्ष्याला नाही. शुद्धीत नसलेल्या कोंबडीच्या चोचीत ओतलेलं पाणी सरळ फुफ्फुसात जातं. पाणी समोर ठेवायचं, फार तर चोचीचं टोक बुडवायचं, ती आपली आपण मान वर करून पिते. त्याच रात्री मी घरी खरं सांगितलं. ती काही बोलली नाही. सकाळी म्हणाली, तांबडीचं पाणी आता मी बघते.

आता शाळेचं. त्या रात्री तांबडीला मी डालग्यात गोणपाटावर ठेवलं. नातीला तिला मांडीवर घ्यायचं होतं. तिनं दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरली आणि तेवढ्यात मला आपला नववीचा वर्ग आठवला. विज्ञानाच्या बाई, तुम्ही समोर बसल्या आहात, तुम्हाला आठवतं की नाही माहीत नाही. तुम्ही कोंबडीच्या पंखाचं वरचं हाड कागदात गुंडाळून आणलं होतं आणि खांद्याकडच्या टोकाला असलेलं भोक दाखवलं होतं. म्हणालात, पक्ष्याचा श्वास फुफ्फुसात थांबत नाही, पोटापर्यंत वायुकोश असतात, काही हाडांतसुद्धा हवा जाते. आपल्यासारखं छातीखाली श्वासपटल नाही, छातीचं हाड हललं तरच हवा आत येते, म्हणून पाखरू घट्ट धरू नये, गुदमरतं. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, बाई, मांस कुठं गेलं? सगळा वर्ग हसला आणि तो तास त्यातच गेला. मीही हसलो होतो. पण ते भोक डोक्यात राहिलं. नातीच्या हातातून कोंबडी मी सोडवून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डालगं उघडलं तर तांबडी फुगलेली. मानेपासून पाठीपर्यंत कातडी फुग्यासारखी. बोटानं दाबलं की आतून पापड चुरल्यासारखा आवाज. शेजारचे म्हणाले विष भिनलं, पुरून टाका. मला मात्र वाटलं, कुत्र्याचा सुळा पाठीतून वायुकोशात गेला असेल आणि श्वासाची हवा कातडीखाली येत असेल. डॉक्टरांना फोन करून असंच सांगितलं. ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, तुम्हाला हे कुणी सांगितलं? मी म्हणालो, आमच्या बाईंनी, १९९१ साली.

ते दुपारी आले. स्पिरिटनं कातडी पुसून नवी सुई नुसती कातडीला टोचली, हलक्या हातानं दाबलं, हवा निघाली. संध्याकाळी पुन्हा फुगली. असं चार दिवस रोज करावं लागलं, मग आतलं भोक आपोआप भरलं. सुई कशी धरायची ते त्यांनी दाखवलं, नंतरचं आम्ही केलं.

जखमेचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथं बऱ्याच जणांच्या घरी कोंबड्या आहेत. पहिला तासभर काही करू नका. उबदार, अंधारी जागा, आवाज नको. कोंबडीचं अंग मुळात आपल्यापेक्षा गरम, एकेचाळीस-बेचाळीस अंश सेल्सिअस. धक्का बसला की ती गार पडते. आम्ही साठचा पिवळा दिवा डालग्याच्या एका कडेला लावला, म्हणजे नको वाटलं तर तिला दुसरीकडं सरकता येईल. लाईट गेली की कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. नंतर जखमेभोवतीची पिसं कात्रीनं कापायची, उपटायची नाहीत. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यानं धुवायचं. लाल आयोडीनचं औषध फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावायचं. सुळ्याच्या जखमेला टाका घालू नये, वरून बंद केली की आत सडते, हे डॉक्टरांचं म्हणणं.

हळदीचं विचाराल. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, माझ्या स्वतःच्या शेतात हळद आहे, आणि तरी मी सांगतो की खोल जखमेत हळद दाबून भरू नका. मी आधी भरली होती. डॉक्टरांनी ती सगळी धुऊन काढली, तेव्हा खाली काय आहे ते दिसलं.

चौथ्या दिवशी जखमेत अळ्या निघाल्या. आषाढातल्या माशा. चिमट्यानं एकेक काढल्या, कंदिलाच्या वातीएवढ्या बारीक, अकरा. बैलाला लावतो तसा टर्पेंटाईनचा बोळा मी शोधत होतो, डॉक्टरांनी कोंबडीला तो नको म्हणून सांगितलं आणि माशा न बसणारं मलम दिलं. त्या दिवशी मला वाटलं होतं सोडून द्यावं. पाच-सहाशेची कोंबडी, औषधाला तेवढेच गेले होते. माझ्या भावानं तर हिशेब मांडून दाखवला. हिशेब त्याचा बरोबर होता.

एक गोष्ट मात्र कोंबडीपेक्षा मोठी. नातीच्या बोटाला आधीच चीर होती आणि तिनं कुत्र्याच्या लाळेची कोंबडी हाताळली होती. आपल्या लहानपणी कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं, त्या भीतीनं लोक चावल्याचंही लपवायचे. आता लस दंडात देतात. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं हात धुतले आणि तिला दवाखान्यात नेलं. तिसऱ्या रांगेतले गृहस्थ कुत्र्याच्या लसीचं कार्ड घेऊन आमच्या आधी तिथं हजर होते. पिढीजात बांधाचं भांडण आहे आमचं, त्या दिवशी पहिल्यांदा एका बाकावर बसलो.

पंधरा दिवसांनी तांबडी भिजवलेल्या ज्वारीच्या कण्या खायला लागली. पण बाकीच्यांत सोडली तर त्या तिच्या उघड्या लाल कातडीवरच टोचायच्या. कोंबड्यांना रक्ताचा रंग दिसला की सोडत नाहीत. मग आठ-दहा दिवस तिला अंगणात डालग्याखाली ठेवली, एकमेकींना दिसतील पण टोचता येणार नाही अशी. शेपटी महिना-दीड महिन्यात आली, कापलेली पिसं मात्र पुढच्या पिसं झडण्याच्या हंगामापर्यंत तशीच खुंटासारखी राहिली. औषध चालू होतं तोवरची अंडी खायची नव्हती, पण तिनं घातलीच नाहीत. दसऱ्याच्या आसपास पहिलं अंडं घातलं. मालकिणीनं ते विकलं नाही, मलाही दिलं नाही, नातीला उकडून दिलं.

आता ती नऊ अंड्यांवर बसली आहे, आज सतरावा दिवस. एकवीसला पिल्लं निघतील. बाई, आमचं घर बारवेकडं जाताना लागतं. जेवण झाल्यावर याल तर दाखवतो. कुत्र्याची काळजी करू नका, ते आता दिवसा बांधलेलं असतं.