सुट्टीत पोराला पानठेल्यावर पाठवू नका

(दिवाळीच्या सुट्टीआधी गडचिरोली जिल्ह्यातील आपल्या वसतिगृहात पालक मेळावा झाला. त्या वेळी आपल्या आरोग्य कार्यकर्त्याने केलेले हे भाषण.)



बोलण्याआधी आपण एक काम करू. हात धुऊनच बसलो आहोत. तर आपली मधली तीन बोटं एकमेकांना चिकटवा, उभी धरा आणि तोंड उघडून दातांच्या मधे घालून बघा. तिन्ही गेली तर ठीक. कोणाची दोनच गेली असतील तर त्याला हसू नका. माझीही दोनच जातात.

मी अकरा वर्षांचा होतो. माझा आजा संध्याकाळी धानाच्या बांधावरून आला की मला हाक मारायचा, हातावर पैसे ठेवायचा आणि म्हणायचा, "जा बाबू, ठेल्यावरून खर्रा आण." ठेलेवाला पन्नीवर सुपारी, तंबाखू, चुना घेऊन घोटायचा आणि मी उभा असलेला बघून चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवायचा. आजाचा माझ्यावर फार जीव होता. ठेलेवालाही वाईट माणूस नव्हता. पण माझी सवय त्या दोघांच्या हातूनच लागली.

पुढे वीस वर्षं खर्रा खाल्ला. मग तिखट भाजी तोंडात धरवेना, आग व्हायची. तोंड हळूहळू आखडत गेलं. डॉक्टरांनी हीच तीन बोटं घालायला सांगितली, तेव्हा कळलं. सुपारीमुळे गालाच्या आतली कातडी कडक होते, दोरीसारखी ताठरते. चुना तोंड सोलतो आणि तंबाखूतलं निकोटीन रक्तात लवकर मिसळायला मदत करतो. अशा आखडलेल्या तोंडात पुढे कॅन्सर होण्याची भीती असते. मी खर्रा सोडला त्याला नऊ वर्षं झाली. आग कमी झाली, पण तोंड पहिल्यासारखं उघडलं नाही. आजही मला पेरू चावून खाता येत नाही, माय कापून देते.

हे दुखणं माझ्या एकट्याचं नाही. २०१९ साली देशभरातल्या शाळांमध्ये सरकारी पाहणी झाली. १३ ते १५ वर्षांच्या शंभर मुलांमागे साडेआठ मुलं कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होती. आपल्याकडे खर्रा आणि नस, दुसरीकडे मावा, मिश्री, बिडी. नाव बदलतं, निकोटीन तेच.

पोरांनो, तुमच्यातले काही जण पुढे शिकायला नागपूरला, पुण्याला जाल. तिथे कोणी पेनासारखं यंत्र हातात देईल. फळाचा वास येईल, धूर दिसणार नाही, वाफ दिसेल. "यात तंबाखू नाही," असं सांगतील. तंबाखूचं पान नसेलही, पण बहुतेक यंत्रांत निकोटीन असतंच, आणि सवय लागते ती निकोटीनची. आपल्या देशात २०१९ पासून ई-सिगारेट बनवायला आणि विकायला बंदी आहे. फुकट मिळाली तरी घेऊ नका.

कायदे आहेत. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकणं २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात तर मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. पण आजा नातवाला ठेल्यावर पाठवतो, तेव्हा पोलीस कुठे येणार? तिथे आपणच पाहिजे. आपल्या जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी झाली, तीसुद्धा गावागावांतले लोक आणि बाया उठल्या म्हणूनच.

आता खरी गोष्ट सांगतो. जूनपासून ही पोरं इथे आहेत. इथे खर्रा मिळत नाही. पहिले काही दिवस चिडचिड करतात, मग विसरतात, जेवण वाढतं. सुट्टी होते, घरी जातात, आणि परत येतात तेव्हा काहींच्या खिशात पुडी असते. चार महिन्यांची मेहनत वीस दिवसांत जाते. मी कोणाला दोष देत नाही. घरात पाहुणा आला की आपण चहाआधी खर्रा पुढे करतो, त्याला मान समजतो. पोरगं ते बघत असतं.

म्हणून मायबापहो, तुमच्याकडे मागणं एकच. तुमचा खर्रा उद्याच सोडा, असं मी म्हणत नाही. सोडलात तर आनंदच आहे. पण या सुट्टीत पोराला ठेल्यावर पाठवू नका. हवा असेल तर स्वतः उठून जा. आणि पोरासमोर घोटू नका. जाता जाता हिशेबही करा. दिवसाला वीस रुपये गेले तर वर्षाला सात हजार तीनशे होतात. तेवढ्यात पोराची वह्या-पुस्तकं, चप्पल, स्वेटर होऊन वर पैसे उरतात.

आणि पोरांनो, ज्यांना सवय लागली आहे त्यांनी लपवू नका. तलफ येते ती काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्या, फुटाणे चावा, मैदानाला एक चक्कर मारा. पहिले तीन-चार दिवस कठीण जातात, पुढे सोपं होतं. माझ्याकडे या, मी रागावणार नाही. बोलायची लाज वाटली तर १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत फोन आहे, तिथे सोडायला मदत करतात.

सुट्टीनंतर पहिल्या दिवशी मी इथेच दारात उभा असेन. खिसे तपासणार नाही. फक्त तीन बोटं दाखवीन आणि विचारीन, "जातात ना?" सगळ्यांची गेली पाहिजेत.

दिवाळीच्या शुभेच्छा. नीट जा, नीट परत या.