एकहाती मेटल

स्पीड मेटल म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचं सुसाट, करकरीत संगीत. त्याला चार-पाच जणांचा बँड हवाच, असा समज आहे. पण अमेरिकेच्या जोएल ग्राइंडनं ‘टॉक्सिक होलोकॉस्ट’चा २००३चा पहिला अल्बम सगळी वाद्यं स्वतः वाजवून केला. मुंबईच्या साहिल मखिजानंही २००८ मध्ये ‘डेमनस्टीलर’ नावानं एकट्यानं जहाल मेटल अल्बम काढला. अशा रेकॉर्डिंगमध्ये आधी ड्रम, त्यावर गिटार, बास, मग आवाज, असे थर चढतात. बँडमधली देवाणघेवाण यात हरवते, हा आक्षेप रास्तच. मंचावर ग्राइंडलाही साथीदार लागतात. पण भोकरसारख्या छोट्या गावात मेटल वाजवणारा ड्रमर शोधायचा कुठं? म्हणून गिटार शिकलेल्या पोरानं थांबायचं कारण नाही. तीन-चार गाण्यांची छोटी रेकॉर्ड एका खोलीत, एका संगणकावर नक्की होते.